गुरूचीं सात वर्षें

सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ घरांत व्हावयाचा असला म्हणजे पाट-रांगोळ्यांची, औक्षणाच्या ताटांची आणि पंगतीच्या याद्यांची एकच धांदल उडते. परंतु त्या नांवांत जें गणित दडलेलें आहे तें करून पाहण्यास सहसा कोणास सवड होत नाहीं. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरीनें २९ दिवस, १२ तास आणि ४४ मिनिटें लागतात. अशा एक हजार पौर्णिमा पाहावयाच्या म्हणजे माणसानें ८० वर्षें आणि वर नऊ-दहा महिने जगलें पाहिजे. आयुष्याचें माप घेण्यासाठीं वर्षें बाजूस ठेवून चंद्राचे फेरे हातीं घेणारा जो कोणी आपला पूर्वज असेल, त्याच्या रसिकतेचें मला मोठें कौतुक वाटतें. वर्ष ही कोरडी वस्तु आहे. पौर्णिमा मात्र डोळ्यांना दिसते, अंगणांत उतरते, आणि एखादी ढगांनीं झांकली तरी पुढलीची खात्री असते.

हीच मोजणी दुसऱ्या एखाद्या ग्रहावर कोणी करूं लागला तर? गुरूचेंच उदाहरण घेऊं. त्याच्या चार मोठ्या चंद्रांपैकीं सर्वांत जवळचा जो आयो, तो १ दिवस आणि साडेअठरा तासांत गुरूभोंवतीं एक फेरा पुरा करतो. त्याचे हजार फेरे पाहण्यास ४ वर्षें १० महिने पुरतात; म्हणजे पाटीवर श्रीगणेशा काढण्याच्या वयांतच तेथील बाळाचें सहस्रचंद्रदर्शन उरकून घ्यावें लागेल! उलट, गुरूला स्वतःला सूर्याभोंवतीं एकदां जाऊन येण्यास लागतात आपलीं ११ वर्षें, १० महिने आणि सुमारें १० दिवस. तेव्हां त्या हजार चंद्रांच्या बाळाला तेथल्या हिशेबानें पहिलें वर्षही लागलेलें नसणार. (गुरूवर उभें राहावयास जमीनच नाहीं, अशी शंका घरांतील कॉलेजांत जाणारीं मुलें काढतील. ती रास्त आहे. पण तूर्त ती बाजूस ठेवूं.)

हा हिशेब माझ्या डोक्यांत शिरला तो २०२४ सालीं, धाकट्या काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्तानें. तिथि काढण्याचें काम मजकडे आलें. काकांच्या पौर्णिमा जुळल्या, तसा मी घरांतल्या इतर वडीलधाऱ्यांचाही हिशेब मांडूं लागलों. आत्या काकांहून दोन वर्षांनीं वडील. तिचा जन्म शके १८६३ च्या ज्येष्ठ शुद्ध पक्षांतला, म्हणजे इ. स. १९४१ चा. आंकडे मांडतों तों तिची हजारावी पौर्णिमा केव्हांच होऊन गेलेली! मी तें तिला सांगावयास गेलों, तेव्हां ती मटाराच्या शेंगा सोलीत बसली होती. मान वर न करतां ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. दोन वर्षांमागली फाल्गुनी पौर्णिमा. होळीचा दिवस. मीं मोजली होती."

"मग बोलली कां नाहींस?"

"बोलावयाचें काय त्यांत? पुरणपोळी झालीच होती त्या दिवशीं."

आत्यानें चौतीस वर्षें मुलांना गणित शिकविलें; तेव्हां तिनें तें मोजलें यांत नवल नाहीं. नवल वाटलें तें निराळ्या गोष्टीचें. आपल्या घरांतून जी मोजणी होते ती कर्त्या पुरुषाची, आणि त्याच्या जोडीनें त्याच्या पत्नीची. एकट्या राहिलेल्या बाईचें वय केवळ दुसऱ्या कोणाची जन्मतारीख आठवेनाशी झाली म्हणजे संदर्भास उपयोगी पडतें: 'आत्या तेव्हां मॅट्रिकला होती, म्हणजे अमक्याचा जन्म तमक्या सालचा.'

आणि आत्या एकटी राहिली याचा संबंध आमच्या घरांत आजवर गुरूशींच जोडला जात आला आहे. म्हणून त्या ग्रहाविषयीं मला थोडें सविस्तर लिहावयाचें आहे.

१९६७ सालीं आत्या सव्वीस वर्षांची होती, बी. ए., बी. टी. झालेली होती. खानदेशांतील एका घरीं तिचें लग्न ठरत आलें होतें. तुळशीचीं लग्नें झाल्यावर मुहूर्त धरावा, असा विचार चालला होता; परंतु त्याच भाद्रपदाच्या सुमारास गुरूनें सिंह राशींत प्रवेश केला. सिंहस्थांत लग्नें करूं नयेत हा दंडक सर्वांस ठाऊक आहे. त्याला ग्रंथांतच जी मर्यादा घातलेली आहे ती मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. 'मुहूर्तचिंतामणि' हा १६०० सालचा ग्रंथ. त्याच्या मतें हा दोष गोदावरीच्या उत्तरेस आणि गंगेच्या दक्षिणेस, या दोन नद्यांमधल्या प्रदेशापुरता आहे. अन्यत्र गुरु सिंहाच्या विवक्षित अंशांत असेल तेवढाच काळ वर्ज्य. आमचें घर कृष्णाकांठचें, वांईचें. म्हणजे गोदावरीच्या पुष्कळच दक्षिणेस. वराचें घर गोदावरीच्या उत्तरेस. आजोबांनीं लिहिलें कीं, लग्न वधूच्या घरीं व्हावयाचें, तेव्हां तेथला नियम पाहावा. तिकडून उत्तर आलें कीं, नांदावयाचें आहे तें आमच्या घरीं, तेव्हां आमचा नियम पाहावा. दोन्ही पक्ष शास्त्राला धरून होते, आणि दोन्ही पत्रांचीं अक्षरें, आत्या सांगते, फार सुबक होतीं! अखेर गुरु कन्येस जाईपर्यंत थांबावें असें ठरलें.

आतां, गुरूला एक राशि चालून जाण्यास मध्यम गतीनें ३६१ दिवस लागतात. १९६७-६८ च्या त्या फेऱ्यांत मात्र त्यानें सिंहेंत सुमारें तेरा महिने काढले. याचें कारण असें कीं, गुरु दर वर्षीं चार महिने वक्री होतो, म्हणजे नक्षत्रांमधून उलटा सरकतांना दिसतो. वास्तविक तो कधींच मागें फिरत नाहीं. आपली पृथ्वी आंतल्या कक्षेंतून अधिक वेगानें धांवते, आणि ती त्याला मागें टाकून पुढें जाऊं लागली म्हणजे, आपली आगगाडी दुसऱ्या संथ गाडीशेजारून पुढें सरकतांना ती गाडी जशी मागें जाते असें वाटतें, तसाच प्रकार येथें होतो. त्या तेरा महिन्यांतील कित्येक आठवडे गुरु केवळ पृथ्वीच्या धांवण्यामुळें सिंहेंत रेंगाळला. १९६८ च्या दिवाळीच्या सुमारास तो बाहेर पडला, गोदावरीचें पर्व सरून आमच्या कृष्णेचें कन्यागत लागलें, घाटावर गर्दी झाली. परंतु तत्पूर्वींच उन्हाळ्यांत खानदेशांतून पत्र आलें होतें कीं मुलाचा विचार आतां पालटला आहे. त्याच जूनमध्यें आत्या शाळेंत रुजू झाली.

आजी शेवटपर्यंत म्हणत असे, "गुरु आडवा आला." माझें मत तसें नाहीं. ज्यांना थांबावयाचें असतें ते तेरा महिने काय, तीन वर्षें थांबतात; आणि ज्यांना मोडावयाचें असतें त्यांना पंचांगांत कारण सांपडतेंच. सूर्यापासून ७८ कोटि किलोमीटरांवर जो आपल्या वाटेनें चालला आहे त्याच्या माथीं हा आळ कशासाठीं?

त्याची ती वाट किती ठरीव आहे हें पाहण्यासारखें आहे. आपण 'एक तप' म्हणतों तें बारा वर्षांचें. गुरूचा फेरा त्याहून पन्नास दिवसांनीं लहान आहे. म्हणजे प्रत्येक तपाला पन्नास दिवस शिलकेस पडतात. सात तपांत ही शिलक जवळजवळ एका वर्षाची होते. म्हणून गुरूचे सात फेरे ८४ वर्षांत न होतां ८३ वर्षें आणि सुमारें बारा दिवसांत होतात. कुंभमेळा बारा वर्षांनीं यावयाचा, पण मधूनच तो अकराव्या वर्षीं कां येतो, याचें उत्तर या शिलकेंत आहे. हरिद्वारचा कुंभ १९३८ सालीं झाला. त्यानंतर बारा-बारा वर्षांनीं १९५०, १९६२, १९७४, १९८६, १९९८ आणि २०१० असे कुंभ झाले. पुढला २०२२ ला न येतां २०२१ लाच आला. सात मेळे, ८३ वर्षें. वर्तमानपत्रांतून त्या सालीं या अकरा वर्षांची पुष्कळ चर्चा झाली. पण गुरूनें कांहींच निराळें केलें नव्हतें. त्यानें फक्त आपली थकबाकी वसूल केली!

आपल्या जुन्या ज्योतिष्यांना हा आंकडा किती बिनचूक ठाऊक होता! सूर्यसिद्धान्तांत असें सांगितलें आहे कीं, ४३,२०,००० वर्षांच्या महायुगांत गुरूचे ३,६४,२२० भगण, म्हणजे फेरे, होतात. भागाकार करून पाहिला तर एका फेऱ्यास ४३३२.३२ दिवस येतात. आजच्या वेधांप्रमाणें तो आंकडा ४३३२.५९ आहे. बारा वर्षांच्या चालींत साडेसहा तासांची चूक! दुर्बीण नाहीं, घड्याळ म्हणावें तर घटिकापात्र. आणि वेध घेणारांच्या कैक पिढ्या. साठ संवत्सरांचें चक्र मुळांत गुरूच्या पांच फेऱ्यांचें. उत्तर हिंदुस्थानांत गुरूची ही शिलक धरून मधून मधून एक संवत्सर गाळतात; आपण तें गाळणें पूर्वींच सोडलें, म्हणून आपल्या आणि तिकडल्या संवत्सरांचीं नांवें जुळत नाहींत.

पण बाराच वर्षें कां? चारच कां नव्हेत, किंवा चाळीस कां नव्हेत? या प्रश्नाचें उत्तर केप्लरनें १६१९ सालीं दिलें. ग्रहाचें सूर्यापासूनचें अंतर पृथ्वीच्या अंतराच्या किती पट आहे तें घ्यावें, त्याचा घन करावा, आणि त्या घनाचें वर्गमूळ काढावें. जें येईल तितकीं त्या ग्रहाचीं वर्षें. गुरूचें अंतर ५.२ पट. त्याचा घन १४०.६, वर्गमूळ ११.८६. झालें! हें गणित मीं आत्याच्या देखत कागदावर केलें, तेव्हां तिनें वर्गमूळ माझ्या आधीं तोंडीं सांगितलें.

हाच नियम चंद्रांनाही लागू आहे, आणि तेथें एक गंमत दिसते. आपला चंद्र पृथ्वीपासून ३,८४,००० किलोमीटरांवर आहे. आयो गुरूपासून ४,२२,००० किलोमीटरांवर, म्हणजे थोडा दूरच. तरी आपल्या चंद्राला एका फेऱ्यास २७.३ दिवस लागतात आणि आयोला पुरते दोन दिवसही नाहींत. असें कां? गुरूचें वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे म्हणून. ३१८ चें वर्गमूळ १८ च्या जवळपास येतें. तितक्या पटीनें वेग अधिक. घरांतील मुख्य माणूस जितकें जबरदस्त तितकी जवळच्यांची धांवपळ जास्त, हा अनुभव एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस नवा नाहीं! उलटपक्षीं, चंद्र किती वेळांत फिरतो हें मोजून ग्रहाचें वस्तुमान काढतां येतें. तराजू नको, वजनें नकोत. घड्याळ आणि फूटपट्टी पुरते.

आयोच्या पलीकडला युरोपा ३ दिवस १३ तासांत फिरतो, त्यापुढला गॅनिमीड ७ दिवस ४ तासांत. हे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहावे: प्रत्येक पुढला मागल्याच्या दुप्पट. गॅनिमीडच्या एका फेऱ्यांत युरोपाचे दोन आणि आयोचे चार फेरे होतात, आणि हें तिघांचें असें बांधलेलें आहे कीं तिघेही एकाच वेळीं गुरूच्या एका बाजूस एका रेषेंत कधींच येत नाहींत. या परस्परांच्या ओढीनें आयोचें अंग सारखें दाबलें-ताणलें जातें, आंतून तापतें, आणि त्यावर ज्वालामुखी धगधगत असतात. १९७९ सालीं व्हॉयेजर यानानें ते पहिल्यानें पाहिले. चौथा कॅलिस्टो मात्र या फुगडींत नाहीं. तो १९ लाख किलोमीटरांच्या सुमारास राहून १६ दिवस साडेसोळा तासांत आपला फेरा घालतो, आणि त्याचें अंग थंड आहे. गुरूच्या चंद्रांची गणती २०२३ पर्यंतच नव्वदांच्या वर गेली होती. त्यांतले अगदीं आंतले सात तासांत फिरतात, बाहेरच्यांस दोन दोन वर्षें लागतात. पण लहान दुर्बिणींतून दिसतात ते हे चारच.

हे चार गॅलिलिओनें पाहिले ते १६१० च्या जानेवारींत, पादुआ शहरांत. ७ तारखेस त्याला गुरूजवळ तीन बारीक तारे दिसले, दोन एकीकडे आणि एक दुसरीकडे. दुसऱ्या रात्रीं तिन्ही एकाच बाजूस! १३ तारखेस चौथा दिसला. तारे जागा बदलतात ते कोणाभोंवतीं तरी फिरत असले पाहिजेत, आणि तें कोणी म्हणजे पृथ्वी नव्हे, हें त्याला कळून चुकलें. सर्व कांहीं पृथ्वीभोंवतींच फिरतें असें मानणाऱ्या जगांत हा केवढा धक्का! पुढें १६७६ सालीं पॅरिसच्या वेधशाळेंत रोमर नांवाच्या डॅनिश ज्योतिष्यानें याच आयोच्या ग्रहणांच्या वेळा टिपतांना पाहिलें कीं, पृथ्वी गुरूपासून दूर जात असली म्हणजे ग्रहणें उशिरा होतात. आयो आळशी झाला नव्हता. प्रकाशालाच आपल्यापर्यंत येण्यास वेळ लागत होता. प्रकाशास वेग आहे हें माणसाला कळलें तें या चंद्राच्या वक्तशीरपणामुळें. घरांतील एखादें माणूस इतकें वेळेवर वागत असेल कीं त्याला उशीर झाला तर दोष वाटेकडे शोधावा, तशांतला हा प्रकार.

डिसेंबर २०२४ मध्यें गुरु रोहिणीजवळ वृषभेंत रात्रभर झळकत होता. आत्याच्या जन्मकाळींही तो वृषभेंतच होता. त्याच जूनमध्यें तिच्या वयाला ८३ वर्षें बारा दिवस झाले, आणि गुरूचे सात फेरे पुरे झाले. माझ्या पुतण्याची एक लहान दुर्बीण आहे. ती आम्हीं गच्चीवर लावली आणि आत्याला खुर्ची दिली. तिला प्रथम कांहींच दिसेना. मग एकाएकीं ती बोलावयाची थांबली. बऱ्याच वेळानें म्हणाली, "चारी एका ओळींत आहेत रे. सुईंत ओवल्यासारखे."

मीं तिला सात फेऱ्यांचा हिशेब सांगितला. ती हंसली. "म्हणजे त्याच्या पंचांगानें मला आठवें लागलें. मुंजीचें वय! बघ, या घरांत कोणी भिक्षावळ घालतें का?" काकू शेजारींच उभ्या होत्या, त्या हंसल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं कोणास न सांगतां पुरण घातलें आणि आत्याचें पान पहिल्या पंगतींत, काकांच्या शेजारीं मांडलें. ओवाळलेंही. काका कांहीं बोलले नाहींत. पण आपला पाट त्यांनीं थोडा बाजूस सरकविला.

त्या दिवसापासून आत्या वही ठेवूं लागली. रोज रात्रीं मधोमध एक वाटोळें, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस टिंबें. सगळ्यांत दूरच्या टिंबाखालीं ती कॅलिस्टोचें 'कॅ' लिहिते. तो किती दिवसांनीं परत त्याच जागीं येतो हें मीं तिला सांगितलें नव्हतें. तिनेंच वहीवरून 'सोळा आणि थोडे' असें काढलें. जानेवारींतल्या एका रात्रीं मी वर गेलों तों वहींत तीनच टिंबें होतीं. ती शाल गुंडाळून बसली होती आणि खालीं जावयाचें नांव घेत नव्हती.

"आयो त्याच्या सावलींत गेला आहे," ती म्हणाली. "मागल्या आठवड्यांत साडेआठला बाहेर आला होता. चार फेरे म्हणजे सात दिवस आणि वर दोन तास, पांच-सहा मिनिटें कमी. आज साडेदहाच्या आंत येईल."

सव्वादहा झाले होते. मीं दुर्बिणीला डोळा लावूं म्हटलें, तर तिनें हातानें थांबविलें. मग दहा वाजून पंचवीस मिनिटें होतां होतां, गुरूच्या बिंबाच्या कडेस नव्हे तर त्यापासून थोडें अंतर सोडून, जेथें कांहींच नव्हतें अशा काळ्या जागेंत, एक बारीक ठिणगी उमटली आणि हळूहळू उजळूं लागली. आत्यानें मनगटावरचें घड्याळ पाहिलें, माझ्याकडून पेन्सिल घेतली, आणि चौथें टिंब काढलें.